मामाजी, तोंडावर कापड धरा

मला क्षय झाला तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी काळजी पडली ती भांड्यांची. माझं ताट वेगळं झालं, गडवा वेगळा झाला, वाटी राखेनं घासून घरामागच्या सांदवाडीत उन्हात पालथी पडू लागली. माझी लुगडी दुसऱ्या दोरीवर गेली. माझ्या खोकल्यातून जे बाहेर पडत होतं, त्याकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. त्या आजारपणात मी आजाराला वैतागले नसेन इतकी माणसांना वैतागले. आता बरी आहे, चार घरची माणसं विचारायला येतात, म्हणून हे लिहून ठेवते. डॉक्टरी मला येत नाही. सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे मी. जे सोसलं तेवढंच सांगते.

आमचं घर मूल गावात, राईस मिलच्या मागच्या गल्लीत. मंदाचे बाबा, म्हणजे माझे मालक, मिलमध्ये इंजिनवर. घरात सासू, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे, म्हणजे मामाजी. लग्नाची नणंद यमुना. आणि आमची मंदा, तेव्हा नुकती धरून धरून उभी राहायला लागलेली. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

चांद्याला नेलं तो दिवस

मंदाच्या बाळंतपणापासूनच मला खोकला होता. बाळंतिणीला खोकला असतोच, असं सगळ्या म्हणत. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, त्याला बाळंतवात म्हणत. मी हाडं होत चालले, तेव्हा म्हणाल्या, पोरीला अंगावर पाजते ना, मग अशीच दिसणार. एक दिवस सुपात तांदूळ पाखडता पाखडता खोकला आला आणि सुपातल्या तांदळावर लाल शिंतोडे उडाले. त्यावर मात्र कोणाला काही नाव सुचलं नाही.

छोट्या रुळाच्या आगगाडीनं आम्ही चांद्याला गेलो. तिथल्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डबीत थुंकी घेतली, बाकावर बसवून ठेवलं. डॉक्टर नागपूरकडचे, वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी मंदाच्या बाबांना आत बोलावलं. मी बाकावरून उठून मागोमाग गेले. ते माझ्याकडे न पाहता ह्यांना सांगायला लागले, "तुमच्या पत्नीला..."

मी म्हटलं, "मलेच सांगा ना. आजार मले हाये."

डॉक्टर खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. हा आजार क्षयाचा आहे म्हणाले, आणि लगेच म्हणाले की आता त्याला औषध आहे, पूर्वीसारखं नाही. मला पुढचं थोडा वेळ ऐकूच आलं नाही. माझ्या माहेरी क्षयानं गेलेली एक काकू होती. तिचं नावसुद्धा घरात कोणी घेत नसे. मला वाटलं, माझंही नाव असंच बंद होईल.

कानात आवाज परत आले तेव्हा डॉक्टर सांगत होते, "खोकताना, शिंकताना, मोठ्यानं बोलताना किंवा गातानासुद्धा तोंडातून बारीक तुषार उडतात. मोठे थेंब जवळच पडतात. अगदी बारीक असतात ते वाळून हवेत तरंगत राहतात, बंद खोलीत तर बराच वेळ. दुसऱ्यानं त्या हवेत श्वास घेतला की ते त्याच्या छातीत. म्हणून खोकताना तोंडावर कापड धरायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, ऊन आत येऊ द्यायचं. लेकराला तोंडाजवळ घ्यायचं नाही. ताटवाटीची फार चिंता करू नका."

दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. तोवर गोळ्या घ्या, पूड घ्या, सुई मूललाच कंपाउंडरकडून टोचून घ्या, खाट झाली की निरोप पाठवतो, असं ठरलं.

परतीच्या गाडीत, मूल गाव जवळ आल्यावर मंदाचे बाबा म्हणाले, "तुह्यं ताट अलग करा लागन."

इतकं सगळं ऐकून माणसानं घरी नेलं ते एवढंच.

खिडकी

मला धानाच्या कोठीच्या खोलीत ठेवलं. एक खाट, दोन कोठ्या आणि मागे सांदवाडीकडे उघडणारी हातभर खिडकी. ती मी सकाळी उघडली की आत्याबाई येऊन तिच्यात पोतं कोंबायच्या.

"डॉक्टरनं उघडी ठेवायले सांगतलं, आत्याबाई."

"डॉक्टरले काय जाते सांगायले? गार वारा छातीत बसते. तुले मरायचं हाये का?"

त्या वाईट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. पण घाबरलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी पोतं काढायची, त्या परत कोंबायच्या. कधी कधी मी पाठ फिरवून झोपायची आणि त्या बंद खोलीत माझाच खोकला माझ्याभोवती फिरत राहायचा.

त्यात पाहायला येणाऱ्या बाया. आजारी माणसाला पाहायला जायचं म्हणून येत, दार लोटून माझ्या खाटेला खेटून बसत, माझ्या मरणाचं बोलत. शेजारची एक सर्दीनं बेजार झालेली बाई तर माझ्या तोंडासमोर शिंकली. नाक पदराला पुसलं. यमुनेनं पाण्याचा गडवा पुढे केला तर म्हणाली, "नको वं माय, या घरचं पानी कसं पेऊ?"

मी हसले. हसताना खोकला आला. ती घाईनं उठली आणि गेली.

मामाजी

मामाजी धानाचे मापारी. बाजारात पायलीनं धान मोजायचं त्यांचं काम. तेव्हा ते थकले होते, घरीच असत. त्यांचा खोकला मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीचा. पहाटे सुरू व्हायचा तो ऊन तापेपर्यंत चालायचा. घरात सगळ्यांना त्याची सवय होती. मिलचा कोंडा छातीत गेलाय, असं म्हणत. विडीचा खोकला आहे, असंही म्हणत. ते खोकले की आत्याबाई चुलीवर पाणी ठेवायच्या, त्यांच्या लेखी कोंबडा आरवावा तसं ते होतं.

मला कोठीच्या खोलीत टाकल्यावर मंदा त्यांच्याकडे गेली. दिवसभर त्यांच्या मांडीवर, निजायला त्यांच्या कुशीत. त्यांचा तिच्यावर फार जीव. सुपात धान घेऊन ते तिच्यापुढे ओंजळीनं मोजायचे, "लाभ... दोन... तीन..." मापारी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ म्हणायचे आणि मध्येच खोकल्याची उबळ यायची. मंदा समोर बसून त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहत असायची.

माझं लेकरू मी तोंडाजवळ घेऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, ते मी पाळत होते. दारातून पाहायची फक्त. आणि दारातून पाहता पाहता एके दिवशी मला कळलं की हा खोकला आणि माझा खोकला वेगळे नाहीत. तसाच आवाज, तसाच चिकट बेडका, तसाच संध्याकाळचा ताप. फरक एवढाच की मी सून होते आणि ते घरचे मोठे होते.

मी मंदाच्या बाबांना म्हटलं, "मामाजींची थुंकी तपासून आना."

"तुह्या डोक्श्यात ताप गेला का? त्याईचा दम्याचा खोकला हाये."

"मंग तपासायले काय होते?"

"लोकं म्हनतीन, बायकोनं आणला आन् आता बापावर घालून राह्यला."

आत्याबाईंना सांगितलं तर त्यांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. मी परत सांगितलं. दर दोन-चार दिवसांनी सांगत राहिले. निदान पोरीला यमुनेजवळ निजवा म्हटलं, तर म्हणे आज्याशिवाय ती झोपत नाही. माझं म्हणणं कोणाच्या कानात शिरत नव्हतं. खिडकीसारखंच त्यांच्या कानातही कोणीतरी पोतं कोंबलं असावं.

पाहुणे

चिमूरकडचे पाहुणे यमुनेला पाहायला येणार होते. आत्याबाईंनी आदल्या दिवशी येऊन मला बजावलं, "बाहेर येजो नको. खोकलू बी नको. घरात असा आजार हाये हे त्याईले समजलं तं पोरीचं लगन होत नाई."

मी हो म्हटलं. यमुनेचं नुकसान मला करायचं नव्हतं. ती माझ्या खोलीत एकटीच कशाची भीती न धरता यायची, माझे केस विंचरून द्यायची.

पाहुणे घरापुढच्या छपरीत बसले. मी आतल्या दाराशी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. खोकला घशात आला की गिळायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आणि बाहेर मामाजी पाहुण्यांच्या मधोमध बसून, मंदाला मांडीवर घेऊन, मनमोकळे खोकत होते.

छपरीवरचं एक कवेलू, म्हणजे कौल, सरकलेलं होतं. तिथून उन्हाची एक तिरीप सरळ मामाजींच्या मांडीवर पडली होती. मंदा त्या तिरिपेत हात घालून खेळत होती. मामाजींना मोठी उबळ आली. आणि त्या उन्हात मला दिसलं. धान उफणताना भुसा उडतो, तसे पांढरे बारीक कण त्यांच्या तोंडातून निघाले, तिरिपेत चमकले, पसरले आणि मंदाच्या वर आलेल्या चेहऱ्यावर उतरले. काही वरच फिरत राहिले. ती ते धरायला मुठी मिटत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मी ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं.

मी दार उघडून बाहेर आले. डोक्यावरचा पदर हातात बोळा होऊन राहिला होता, तो सावरायचं सुचलं नाही. लग्न झाल्यापासून मी मामाजींसमोर कधी उभ्यानं बोलले नव्हते.

"मामाजी, पोरीले खाली ठेवा. अन् तोंडावर कापड धरा."

मंदाचे बाबा उठून माझ्याकडे आले. "अंदर जाय," म्हणाले.

"जातो. पयले पोरीले खाली ठेवायले सांगा. मले क्षय हाये. अन् माह्या मतानं मामाजींले बी तोच हाये."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. यमुना पोह्यांच्या बशा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. मामाजींचा चेहरा रागानं काळवंडला. ते काही बोलणार, तेवढ्यात पुन्हा उबळ आली.

पाहुण्यांत मुलाचे एक म्हातारे काका होते. पांढरा पटका, हातात काठी. त्यांनी मामाजींचा खोकला पूर्ण होऊ दिला. मग म्हणाले, "मापारी, सूनबाई खोटं नाई बोलून राह्यली. माह्या भावाले आमी दमा दमाच म्हनत राह्यलो. तो गेला. मंग त्याची बायको गेली. तुमी उद्याच्याले चांद्याले जा."

बस. एवढंच बोलले ते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मामाजींना चांद्याला नेलं. मी कित्येक महिने जे घसा फोडून सांगत होते, ते पटका बांधलेल्या एका परक्या म्हाताऱ्यानं एकदा सांगितलं आणि अख्खं घर उठून स्टेशनवर गेलं. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला होता, तो कितीतरी दिवस गेला नाही.

पाहुण्यांनी दवापाणी होऊ द्या, मग पाहू, असं सांगितलं आणि नंतर दुसरीकडे जुळवलं. यमुना माझ्या खोलीत यायची बंद झाली. तिचा राग मला समजत होता. पुढे तिचं सिंदेवाहीकडे चांगलं झालं, तेव्हा ती परत बोलली.

दवाखाना

मामाजींचा आजार जुना निघाला, माझ्यापेक्षा कितीतरी जुना. एक छाती, म्हणजे एका बाजूचं फुप्फुस, जवळजवळ कामातून गेलेली होती. त्यांना लगेच दाखल केलं आणि थोड्याच दिवसांत मलाही खाट मिळाली. पुरुषांची खोली एकीकडे, बायांची दुसरीकडे, मध्ये लांब उघडा व्हरांडा. दुपारी सगळ्यांच्या खाटा व्हरांड्यात ओढत. मग सासरा या टोकाला आणि सून त्या टोकाला.

तिथले दिवस एकासारखे एक. पहाटे ताप मोजायचा, मग सुई. कमरेत टोचायला जागा उरली नव्हती. मग ती पूड, जिची चव दोन गडवे पाण्यानंही जात नसे. झाकणाची डबी थुंकायला. दूध, अंडं. मामाजी अंड्याला हात लावत नसत, ते माझ्याकडे पाठवत. सिस्टर रागवायची, ते ऐकत नसत.

आणि तोंडावर कापड धरत नसत. त्यांच्या खांद्यावर चांगला हातभर दुपट्टा होता. सिस्टरनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ते म्हणाले, "मी काय बाई हावो, पदर धरायले?"

उबळ आली की मी माझ्या टोकावरून ओरडायची, "मामाजी, तोंडावर कापड धरा." एकदा अब्रू गेलीच होती, आता आणखी काय जायचं होतं. पुढे पुढे मधल्या खाटांवरची माणसंही ओरडायला लागली. माझ्या शेजारी धानोऱ्याकडची एक गोंड बाई होती, सोमीबाई. तिला मराठी थोडकंच यायचं. तिचा नवरा दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून तिच्यासाठी पेज करायचा. तिनं पहिलं पूर्ण मराठी वाक्य म्हटलं ते हेच. मामाजी खोकले की ती माझ्याआधी म्हणायची, "मामाजी, तोंडावर कापड धरा," आणि मग पदरात तोंड लपवून हसायची. तिचं हसू नसतं तर ते महिने मी कसे काढले असते, ठाऊक नाही.

मंदाचा ताप

एका बाजारच्या दिवशी मंदाचे बाबा आले ते तोंड पाडून. मंदाला रोज संध्याकाळी ताप येत होता आणि गळ्याशी गाठ आली होती.

मी तिला घेऊन या म्हटलं. ते आणि आत्याबाई दुसऱ्या दिवशी घेऊन आले. डॉक्टरांनी तिच्या हातावर सुई टोचून पाहिली, तिसऱ्या दिवशी तिथे मोठी लाल फुगी आली. तिलाही तेच होतं. लवकर कळलंय, औषध देऊ, लेकरं बरी होतात, असं ते म्हणाले. मी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसून तिच्याकडे लांबून पाहत होते. ती आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिला मी आठवत नव्हते.

ते सगळे गेल्यावर मामाजी भिंतीला धरत धरत माझ्या टोकाला आले. हे ते कधी करत नसत. जरा दूर उभे राहिले.

"माह्याकडून गेलं का पोरीले?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी किती वाट पाहिली होती. त्याचं उत्तर मनात कितीदा घोकलं होतं. आता ते समोर उभे होते, दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून लोंबत असलेला.

"माह्याकडून बी गेलं असन, मामाजी," मी म्हटलं. "खोकला तं मले बी होताच."

ते खोटं नव्हतं. त्यांना उबळ आली, तेव्हा त्यांनी दुपट्टा उचलून तोंडावर धरला. त्या दिवसापासून मला ओरडावं लागलं नाही. सोमीबाईला मात्र करमेनासं झालं.

आता जे कोणी खाटेवर असेल त्याला

औषध सोडू नका. बरं वाटायला लागलं की सोडावंसं वाटतं, तेव्हा तर मुळीच सोडू नका. खिडकी उघडी ठेवा, कोणी पोतं कोंबलं तर फेकून द्या. खोकताना, शिंकताना तोंडावर कापड धरा आणि ते कापड उकळा. आणि घरात कोणाचा जुना खोकला असेल, मग तो कितीही मोठा माणूस असो, त्याची थुंकी तपासा. ते तुमच्यावर रागावतील. रागावू द्या.

निघताना

मंदाची गाठ उतरत गेली, ताप गेला. माझी थुंकी पुन्हा पुन्हा तपासली, काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी घरी जा म्हटलं. सोमीबाई माझ्याआधीच बरी होऊन गावी गेली होती. मामाजींना अजून बरेच महिने राहायचं होतं.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेले, पाया पडले. ते उठून बसले. दुपट्टा तोंडावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहून काहीतरी म्हटलं. नुसता एक शब्द नव्हे, चांगलं लांब वाक्य होतं. कापडातून मला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हनता, मामाजी? जराक कापड बाजूले करा ना."

त्यांनी मान हलवली. नाही केलं. बाहेर टांगा थांबला होता, मंदाचे बाबा हाक मारत होते. मी निघाले.

ते पुढच्या पावसाळ्यात घरी आले. एका छातीवर पुष्कळ वर्षं काढली त्यांनी. मंदाला शाळेत सोडायला जायचे. मी दोन-तीनदा त्यांना विचारलं, त्या दिवशी काय म्हणाला होता म्हणून. पहिल्यांदा म्हणाले, आठवत नाही. शेवटी एकदा मी फारच मागे लागले, तेव्हा पानाला चुना लावता लावता म्हणाले, "बाई, तू लय विचारते."

आणि पान तोंडात टाकलं.